गिअर ऑइलला दिवा नसतो: घरच्या घरी पातळी तपासणं, बदलणं आणि भरणं

इंजिन ऑइलचं प्रेशर पडलं की डॅशबोर्डवर लाल दिवा पेटतो. ब्रेक ऑइल खाली गेलं की दिवा पेटतो. कूलंट कमी झालं तर निदान तापमानाचा काटा चढतो. मॅन्युअल गिअरबॉक्समधलं ऑइल मात्र निम्मं झिरपून गेलं तरी समोर काहीच दिसत नाही. गाडी चालत राहते, गिअर पडत राहतात, आणि आतमध्ये बेअरिंगं कोरडी पडत जातात.

हे मी मेहुण्याच्या गाडीत पाहिलं. दोन हातांतून आलेली, सात वर्षांची हॅचबॅक. खंबाटकीचा घाट चढून वर आलो की पाचव्या गिअरमध्ये बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. सगळे टायरला दोष देत होते. गाडीखाली शिरून पाहिलं तर गिअरबॉक्सच्या भरायच्या नटवर मातीचा थर तसाच होता, म्हणजे कित्येक वर्षांत तो कुणी उघडलाच नव्हता. उघडला, बोट घातलं, ऑइल लागलंच नाही. जेमतेम सव्वादोन लिटरच्या त्या डब्यात सव्वा लिटर ऑइल मावलं. आवाज कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. एकदा झिजलेलं बेअरिंग ऑइलने भरून येत नाही.

म्हणून ही पद्धत सविस्तर लिहितोय. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, पाच गिअरच्या, मॅन्युअल आहेत, म्हणून मुख्य भर त्यांच्यावर आहे. ऑटोमॅटिकबद्दल शेवटी लिहिलंय. तिथली रीत पूर्ण वेगळी आहे आणि दोन्हींची सरमिसळ केली तर नुकसान ठरलेलं.

आत काय चालतं

छोट्या गाडीच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये बहुधा ऑइलचा पंप नसतो. डिफरन्शियलचं, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचं, मोठं चक्र ऑइलमध्ये अर्धवट बुडालेलं असतं. ते फिरताना ऑइल वर उडवतं आणि त्या शिंतोड्यांवरच वरचे गिअर, बेअरिंगं आणि सिंक्रोनायझरच्या (गिअर पडण्याआधी दोन चक्रांचा वेग जुळवणाऱ्या भागाच्या) रिंगा चालतात. पातळी खाली गेली की शिंतोडे कमी, आणि सर्वात आधी तहानतो तो लांबचा किंवा उंचावरचा भाग. अनेक गाड्यांत पाचव्या गिअरची जोडी अगदी टोकाच्या झाकणाखाली बसवलेली असते, म्हणून पहिला आवाज पुष्कळदा पाचव्यातच येतो.

दुसरी गोष्ट: इंजिन थोडंफार ऑइल जाळतं, गिअरबॉक्स जाळत नाही. पातळी कमी असेल तर ऑइल कुठूनतरी बाहेर गेलंय. चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं सील, खालच्या नटचा वॉशर, किंवा क्लचच्या बाजूचं सील, या तीन जागा आधी बघा. पहिल्या दोन बाहेरून ओल्या दिसतात. तिसरी दिसत नाही, पण इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याच्या तळाशी थेंब जमतो, आणि ते ऑइल क्लच प्लेटवर गेलं तर क्लच घसरायला लागतो. तसं असेल तर नुसतं ऑइल भरून भागणार नाही, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.

ऑइल कोणतं

इथे घाई करू नका. गाडीसोबत आलेली पुस्तिका काढा आणि त्यात दोन गोष्टी शोधा: दाटपणाचा आकडा आणि एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) दर्जा. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत दाटपणा साधारणपणे ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-८५ किंवा ७५डब्ल्यू-९० आणि दर्जा जीएल-४ असतो. आकडे बघून घाबरू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी असते. ७५डब्ल्यू-९० हे गरम असताना ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन ऑइलच्या आसपासच दाट असतं.

दुकानदार हमखास म्हणतो, ‘जीएल-५ घ्या, वरचं आहे.’ मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी ते ऐकू नका. जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सहन करण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगं जास्त असतात, कारण ते मुख्यतः मागच्या अ‍ॅक्सलच्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर जोराने घासत फिरणाऱ्या, गिअरसाठी बनवलेलं असतं. सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांचं काम नेमकं घर्षणावर चालतं. ऑइल फार निसरडं झालं की रिंग पकडत नाही आणि गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. शिवाय काही जीएल-५ ऑइलांमधली संयुगं गरम असताना पितळ खातात. डब्यावर ‘जीएल-४’ किंवा पुस्तिकेतला दर्जा स्पष्ट छापलेला असेल तरच घ्या. डबा सीलबंद हवा आणि पक्कं बिल हवं. नकली ऑइलचा धंदा आपल्याकडे मोठा आहे, आणि ओळखीच्या दुकानाइतकी दुसरी खात्री नाही.

छोट्या गाडीला दोन ते अडीच लिटर लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. एकूण तीन लिटर ऑइल आणून ठेवा. अर्धं काम झाल्यावर दुकानात जायची पाळी आली तर गाडी स्टँडवर असते, हे ध्यानात ठेवा.

सामान

रॅचेट आणि सॉकेट, किंवा रिंग पाना. आधी गाडीखाली डोकावून नटची जात बघा: कुठे साधं सहाकोनी डोकं असतं, कुठे नटच्या आत चौकोनी किंवा सहाकोनी खाच असते. खाचेत बसणारी चावी वेगळी आणावी लागते. ‘जवळपास बसतो’ असा पाना लावू नका, नट गोल झाला की घरचं काम संपलं. दोन्ही नटांसाठी नवे वॉशर आणा. ते नट आवळताना चेपून झिरपणं थांबवतात, आणि एकदा चेपलेला वॉशर पुन्हा तसा बसत नाही. त्याशिवाय पाच लिटरचं पसरट घमेलं, नरसाळं, मीटर-दीड मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी, तारेचा ब्रश, भरपूर चिंध्या आणि हातमोजे.

आणि जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे पक्के लोखंडी पाय. गाडीसोबत आलेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा, शिरू नका. विटा रचून त्यावर गाडी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. वीट सांगून फुटत नाही. स्टँड नसतील तर ज्याच्याकडे सर्व्हिसचा खड्डा आहे अशा ओळखीच्या माणसाकडे जा. खड्डा खरं तर सर्वात उत्तम, कारण गाडी चारही चाकांवर सपाट राहते.

गाडी सपाट असणं हाच निम्मा हिशेब

गिअरबॉक्सची पातळी डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) नाही, एका भोकावर ठरते. भरायचा नट डब्याच्या बाजूला अशा उंचीवर बसवलेला असतो की भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल आलं म्हणजे पातळी बरोबर. गाडी पुढून उचललेली असेल तर आतलं ऑइल कलतं आणि हा हिशेब चुकतो. एक तर कमी असून भरलेलं वाटतं, नाहीतर भरलेलं असून कमी वाटतं.

त्यामुळे दोनच मार्ग आहेत. खड्डा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर चारही बाजूंनी सारख्या उंचीवर, चार स्टँडवर गाडी घ्या. उताराचा रस्ता किंवा सोसायटीच्या पार्किंगचा ढाळ चालणार नाही. फरशी सपाट आहे का ते पाणी ओतून बघा. एकेक बाजू उचलताना जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि हँडब्रेक ओढा. पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक आणि स्टँड लावा, पत्र्यावर नाही. गाडी स्टँडवर बसली की बाहेरूनच तिला जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा उतरवा.

उंच गाड्यांत न उचलताही स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या कमानीतून भरायच्या नटपर्यंत हात जातो. नुसती पातळी तपासायची असेल तर आधी हे करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

तपासणी

नट ओळखणं ही पहिली पायरी, आणि घरी काम करणाऱ्यांची सर्वात महागडी चूक इथेच होते: इंजिन ऑइल समजून गिअर ऑइल सोडतात, मग इंजिनमध्ये दुप्पट ऑइल भरतात आणि गिअरबॉक्स कोरडा ठेवून गाडी बाहेर काढतात. इंजिनचा नट चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीला, असतो, आणि त्या बाजूला ऑइल फिल्टर असतो. गिअरबॉक्स म्हणजे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट ज्यातून निघतात तो अ‍ॅल्युमिनियमचा डबा. आडवं इंजिन असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूला असतो. ड्राइव्ह शाफ्टचा माग काढत जा, चुकणार नाही. डब्याच्या तळाचा नट सोडायचा आणि बाजूला उंचावरचा भरायचा.

भरायच्या नटभोवतीची माती आधी ब्रशने घासा आणि पुसून घ्या, नाहीतर उघडताक्षणी ती आत जाते. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. वर उडालेलं ऑइल खाली बसू द्या, सायलेन्सरचा पाइपही निवू द्या. मग नट हळू उघडा. ऑइल स्वतःहून थोडं ओघळलं तर पातळी पुरेशी आहे. नाही ओघळलं तर करंगळी आत घालून खाली वाकवा. भोकाच्या काठाशीच ऑइल लागलं तर ठीक. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतही लागलं नाही तर भरायला हवं, आणि कुठून गेलं तेही शोधायला हवं.

बोटावर आलेलं ऑइल नीट बघा. मधासारखं असेल तर उत्तम. काळपट पण स्वच्छ असेल तर जुनं झालंय. दोन बोटांत चोळल्यावर वाळूसारखं टोचलं तर पूर्ण बदला. आणि दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

या दुधाळ ऑइलबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा आत-बाहेर जाण्यासाठी छोटी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गरम गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते आठवा. अशा वेळी लोक इंजिन आणि वायरिंग बघतात, गिअरबॉक्स विसरतात. तो महिना-दोन महिने चालतो, मग गंजलेली बेअरिंगं गुरगुरू लागतात. गाडी चाकाच्या मध्याच्या वर पाण्यात उभी राहिली असेल तर ती चालवण्याआधी गिअर ऑइल तपासा. दुधाळ निघालं तर बदला, दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. पहिल्या खेपेत सगळं पाणी निघत नाही.

बदलायचं असेल तर

ऑइल कोमट असावं. पाच-सात किलोमीटर फिरवून आणा, मग गाडी उचला. घाट उतरून आल्या आल्या नको, तेव्हा ऑइल भाजण्याइतकं तापलेलं असतं.

आता या लेखातला सर्वात महत्त्वाचा नियम: आधी वरचा भरायचा नट उघडा, मगच खालचा. वर्षानुवर्षं न उघडलेला वरचा नट गंजून बसलेला असू शकतो. तुम्ही खालून सगळं ऑइल सोडून दिलंत आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने अंगणात अडकली. वरचा उघडत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर राहू द्या. तरीही नसेल तर आहे तशी गाडी गॅरेजला न्या. ऑइल अजून आत आहे, म्हणून गाडी जाऊ शकते.

वरचा उघडला की घमेलं खाली ठेवा आणि खालचा नट शेवटचे आटे हाताने फिरवत काढा. धार सुरुवातीला लांब पडते, मग जवळ येते. घमेलं त्याप्रमाणे सरकवा. निदान वीस मिनिटं निथळू द्या.

तोपर्यंत नट बघा. पुष्कळ गाड्यांत त्याच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, काजळासारखा लगदा असेल तर काळजी नको, गिअर झिजताना तेवढी पूड निघतेच. पण टोचणारे चुरे, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर आतून काहीतरी तुटतंय. नवं ऑइल भरून ते लपवू नका, जाणकाराला तो तुकडा दाखवा. चुंबक पुसून स्वच्छ करा.

निघालेलं ऑइल मोजून घ्या. गिअरबॉक्स भरायला किती लागतं आणि निघालं किती, यातला फरक म्हणजे किती वाहून गेलं. नंतर ते रिकाम्या डब्यात भरून झाकण लावा. गटारात, मोरीत, झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. गावाकडे वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, तेही पावसाबरोबर मातीत आणि विहिरीत उतरतं. वापरलेलं ऑइल हे २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं. मोठी गॅरेजं ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देतात. तुमचे दोन लिटरही त्यांच्याकडे नेऊन द्या, बहुतेक जण घेतात.

निथळलं की खालचा नट नव्या वॉशरसह आधी पूर्णपणे हाताने फिरवून बसवा. डबा अ‍ॅल्युमिनियमचा, नट पोलादाचा. आटे तिरके बसले आणि तुम्ही पान्याने जोर लावला तर डब्याचेच आटे जातात. टॉर्कचा पाना (ठरावीक जोरालाच आवळणारा) असेल तर तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा लावा. नसेल तर आखूड दांड्याचा पाना घ्या, एका हाताने घट्ट होईपर्यंत आवळा आणि थांबा. पाइप घालून दांडा लांबवायचा नाही, पायाने दाबायचं तर मुळीच नाही.

भरणं

हे काम संथ आहे. गिअर ऑइल दाट, भोक आडवं, आणि जागा अडचणीची. सोपी युक्ती अशी: नळीचं एक टोक बोनेटमधून खाली सोडून भरायच्या भोकात दोन-तीन इंच घाला, वरच्या टोकाला नरसाळं बसवा आणि वरून ओता. नळी गरम पाइपला किंवा फिरणाऱ्या भागाला टेकू देऊ नका आणि खाली कुणाला तरी ती धरायला सांगा. ऑइलचा डबा आधी तासभर उन्हात ठेवलात किंवा गरम पाण्याच्या बादलीत बुडवलात तर निम्मा वेळ वाचतो.

पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा पाव लिटर कमी भरल्यावर वेग कमी करा. भोकातून ऑइल ओघळू लागलं की थांबा. ओघळणं थेंबांवर येऊन थांबेपर्यंत वाट बघा, मगच नट लावा. जास्त भरणंही वाईट: ऑइल घुसळून फेस होतो, दाब वाढतो आणि सीलमधून वाट काढतं. आकड्यापेक्षा बरंच आधी ओघळायला लागलं तर गाडी सपाट नाही, किंवा जुनं ऑइल पूर्ण निघालेलं नाही. पुन्हा तपासा.

वरचा नट नव्या वॉशरसह आवळा, सगळं कोरडं पुसा आणि दोन्ही नटांवर, नटपासून डब्यापर्यंत, रंगाची एक रेघ ओढा. नट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. गाडी उतरवून पाच-सहा किलोमीटर चालवा, सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्ससुद्धा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी तो कोरडा हवा.

किती दिवसांनी? पुस्तिकेतला आकडा पाळा. मी स्वतः दरवर्षी पावसाळ्यानंतर पातळी बघतो आणि ५० हजार किलोमीटरच्या आसपास बदलतो, कारण माझी गाडी महिन्यातून दोनदा घाट चढते.

ऑटोमॅटिक असेल तर आधी तिची जात ओळखा

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) ही मुळात मॅन्युअलच असते, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. आपल्याकडे ती २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर सर्वसामान्यांपर्यंत आली. तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल वरच्याच पद्धतीने तपासता येतं. पण काही गाड्यांत गिअर टाकणाऱ्या यंत्राचं हायड्रॉलिक ऑइल वेगळ्या छोट्या टाकीत असतं. त्याला घरी हात लावू नका.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणाऱ्या, जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत बोनेटखाली स्वतंत्र डिपस्टिक असते. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं ऑइल, तापलं की बरंच फुगतं, म्हणून थंड गाडीत बघितलेली पातळी खोटी ठरते. पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत परत ‘पी’ मध्ये आणा. इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, वाचा. ऑइल ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये हवं. याला अपवाद आहे: होंडाच्या पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत वाचायचं असतं. तुमच्या पुस्तिकेत जे असेल तेच करा.

नवं एटीएफ बहुधा लाल असतं. तपकिरी झालं तर म्हातारं झालंय. काळं आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळताहेत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट त्यात मिसळलंय. तशी गाडी चालू करू नका, टो करून न्या.

कमी असेल तर डिपस्टिकच्याच नळीतून, अरुंद नरसाळ्याने, एका वेळी पाव लिटर भरा आणि पुन्हा वाचा. दोन खुणांमधलं अंतर फार थोड्या ऑइलचं असतं. एटीएफची निवड तर मॅन्युअलपेक्षाही काटेकोर: टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१, ह्युंदाईचं एसपी-३ आणि एसपी-४, जनरल मोटर्सचं डेक्सरॉन ही एकमेकांच्या जागी भरायची नाहीत. सीव्हीटीचं, म्हणजे गिअरच्या चक्रांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं, ऑइल तर वेगळंच. पट्टा आणि पुली यांची पकड त्यावर अवलंबून असते, त्यात एटीएफ ओतलं की पट्टा घसरतो.

डिपस्टिकच नसेल, तर गिअरबॉक्स बंदिस्त आहे. तिथे पातळी बघायची ती तळाच्या नटमधून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर, आणि ते तापमान स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर) वाचून. चालू गाडीखाली, गरम ऑइलच्या धारेखाली हे काम करायचं तर स्कॅनर आणि लिफ्ट दोन्ही हवीत. सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि बंदिस्त ऑटोमॅटिक मी चांगल्या वर्कशॉपमध्येच देतो, आणि तुम्हीही तेच करा. तिथे नेण्याआधी मात्र दोन गोष्टी विचारा: ते कोणतं ऑइल भरणार, आणि किती लिटर. साध्या निचऱ्यात ऑटोमॅटिकमधलं सगळं ऑइल निघत नाही, मोठा हिस्सा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतो. चार लिटर काढून चार लिटर भरले म्हणजे अंशतः बदल झाला. पूर्ण बदलायचं असेल तर हीच कृती थोडं थोडं चालवून दोन-तीनदा करावी लागते, आणि बिलात तितके लिटर दिसायला हवेत.